दिवेलागणीची प्रार्थना

लातूर, उदगीर, निलंगा, नांदेड, देगलूर या टापूतील जुन्या ख्रिस्ती घरांत दिवेलागणीच्या वेळी, चुलीवरची शेवटची भाकरी उतरवून आणि अंगणात खेळणाऱ्या मुलांना हाका मारून झाल्यावर, एक सतरंजी अंथरली जाई. घरात जे कोणी वाचणारे असेल, मग तो मिशनच्या शाळेत चार इयत्ता शिकलेला बाप असो वा बोर्डिंगात वाढलेली सून असो, त्याने पवित्र शास्त्रातील एक उतारा वाचावा, सर्वांनी मिळून एक गीत म्हणावे, लहानांनी आठवड्याचे वचन पाठ म्हणून दाखवावे आणि प्रभूची प्रार्थना म्हणून उठावे, असा या उपासनेचा साधा क्रम असे. आजही कित्येक घरांत तो तसाच चालू आहे. सबंध महाराष्ट्रातच ख्रिस्ती समाजाचे प्रमाण २०११ च्या जनगणनेप्रमाणे शेकडा एकाहून कमी. त्यातून मराठवाड्याच्या या आग्नेय कोपऱ्यात एका पाळकाच्या वाट्याला अनेक गावे येत, आणि बहुतेक खेड्यांत चर्चची घंटा कधी वाजलीच नाही. अशा ठिकाणी हा धर्म पिढ्यानुपिढ्या टिकला तो मुख्यतः या सतरंजीवर टिकला, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि म्हणूनच मिशनांच्या अहवालांत ज्याला क्वचितच दोन ओळींपलीकडे जागा मिळाली, त्या घरगुती चालीचा इतिहास स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे.

हा इतिहास पाहताना आजचा नकाशा क्षणभर बाजूला ठेवावा लागतो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात मोडत. खुद्द लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे ठाणे होते आणि त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. किनवट आदिलाबादकडून नांदेडकडे आले आणि मुधोळ नांदेडकडून आदिलाबादकडे गेले. त्यामुळे येथील ख्रिस्ती कुटुंबांचे मूळ एकाच मिशनाच्या दप्तरात सापडत नाही. बिदरच्या बाजूने अमेरिकन मेथॉडिस्टांचे वळण आले, जालन्याच्या बाजूने स्कॉटिश मंडळीचे, तेलंगणाच्या सरहद्दीवरून मेदकच्या वेस्लियन मंडळीचे, आणि बार्शी लाइट रेल्वेचा छोटा फाटा १९११ साली लातूरला पोहोचल्यावर सोलापूर व अहमदनगरकडील अमेरिकन मराठी मिशनाच्या पुस्तकांचाही मार्ग सुकर झाला. रोमन कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला, आणि त्यांच्या घरांत सायंकाळची जपमाळ हेच काम करीत आली आहे. पंथ निराळे, गीतपुस्तके निराळी, परंतु दिवेलागणीची वेळ सर्वत्र एकच. या ऐक्याचे मूळ शोधणे हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

मराठवाड्यात प्रॉटेस्टंट ख्रिस्ती गृहजीवनाची पहिली मोठी वसाहत जालन्याजवळ झाली, आणि तिचा संस्थापक कोणी गोरा साहेब नव्हता. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण गृहस्थ १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन स्कॉटिश मिशनात गेले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा त्या वेळी बारा वर्षांच्या आतबाहेरचा मुलगा. तो मिशनऱ्यांच्या घरी राहू लागल्यावर बापाने न्यायालयात धाव घेतली, न्यायालयाने मुलगा बापाच्या हवाली केला, आणि मग तो घरी परतला तरी त्याला जातीत घ्यावे की नाही यावरून मुंबई-पुण्याच्या शास्त्रीमंडळींत जे वादळ उठले त्यात बाळशास्त्री जांभेकरांनी लोकनिंदा पत्करून प्रायश्चित्तपूर्वक त्याला परत घेण्याचा आग्रह धरला. या खटल्याकडे सामान्यतः सामाजिक सुधारणेच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून पाहिले जाते. मला त्यात आणखी काही दिसते. धर्मांतराने महाराष्ट्रात जो पहिला तीव्र प्रश्न उभा केला तो मूल कोणाचे, त्याच्या श्रद्धेला वळण देण्याचा अधिकार कोणाचा, हा होता; आणि एका घरातून एकेक मूल वेगळे काढून मंडळी उभी राहत नाही, तीत आईबाप, मुले, शेत आणि विहीर ही सारी लागतात, हा धडा नारायण शेषाद्रींनी त्या दुःखद अनुभवातून घेतला असावा. कारण १८६३ च्या सुमारास जालन्यास आल्यावर त्यांनी प्रामुख्याने मांग समाजात काम केले, आणि हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल नावाचे गावच वसविले, जेथे नवख्रिस्ती कुटुंबे कुटुंबे म्हणूनच नांदावीत.

या वसाहतीवर ज्या स्कॉटिश मंडळीची छाया होती, तिच्याकडे घरगुती उपासनेविषयी लेखी कायदाच होता. स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेने १६४७ साली कौटुंबिक उपासनेची एक नियमावली मंजूर केली होती. सकाळ-संध्याकाळ घराच्या कर्त्याने कुटुंबाला आणि चाकरमाणसांना एकत्र बसवून प्रार्थना, स्तुती, शास्त्रवाचन व प्रश्नोत्तरे करावीत, पाळकाने आणि मंडळीच्या वडिलांनी घरोघर चौकशी करावी, आणि जो कर्ता समज देऊनही हे कर्तव्य टाळील त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवावे, इतकी तिची शिस्त कडक होती. त्याही पूर्वी मार्टिन ल्यूथरने १५२९ साली आपली लहान प्रश्नोत्तरावली घरातील कर्त्या पुरुषाने मुलांना शिकवावी म्हणूनच लिहिली होती. मेथॉडिस्टांची परंपरा या बाबतीत अधिक मृदू म्हणावी लागेल, कारण तिच्या मुळाशी एक आई आहे: जॉन वेस्लीची आई सुझॅना हिने एपवर्थच्या घरी आपल्या मुलांना स्वतः शिकविले आणि आठवड्यातील एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी राखून ठेवली, ही गोष्ट त्या पंथात आजही आदराने सांगतात. जालन्याकडील कर्त्या बापाची उपासना आणि उदगीरकडील आईची उपासना अशी दोन वळणे मराठवाड्यात उतरली, असे म्हटल्यास ते सर्वस्वी चूक ठरणार नाही. मात्र दोन-तीन पिढ्यांत आईचे वळण सर्वत्र वरचढ झाले, आणि त्याची कारणे पुढे येतीलच.

नियम परदेशातून आला हे मान्य. परंतु नियमाने चाल रुजत नाही. ज्या घरांनी हा धर्म स्वीकारला त्यांत सांजवेळेला आधीच एक पवित्र स्थान होते. दिवा लागताना हात जोडणे, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडणे, वारकरी शेजारी असेल तर त्याच्या ओट्यावरचा हरिपाठ ऐकणे, या गोष्टी मांगवाड्यातल्या आणि महारवाड्यातल्या मुलांनाही परक्या नव्हत्या, जरी देवळाचा उंबरठा त्यांना बंद होता. नांदेडसारख्या शहरात तर दिवस मावळला की मशिदीतून मगरिबची बांग येते, हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात रहिराससाहिबचा पाठ होतो, देवळांत आरतीची झांज वाजते आणि अलीकडच्या काळात बुद्धविहारांतून वंदनेचे स्वर येतात. अशा नगरीत वाढणाऱ्या ख्रिस्ती मुलाला संध्याकाळी देवापुढे बसणे ही कोणी लादलेली गोष्ट वाटत नाही, सारे गावच त्या वेळी बसलेले असते. सकाळच्या उपासनेचे असे झाले नाही. स्कॉटिश नियमावलीने दोन वेळा सांगितल्या होत्या, पण पहाटे शेतावर जाणाऱ्या मजुराच्या घरी सकाळची उपासना एखाद्या त्रोटक प्रार्थनेपलीकडे तगली नाही. संध्याकाळची मात्र तगली, कारण तिची जागा या भूमीने आधीच राखून ठेवली होती.

आणखी एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या १६४७ च्या नियमावलीत अनेक कुटुंबांनी एका घरी जमून उपासना करण्यास हरकत घेतलेली आहे. प्रत्येक घराने आपापली उपासना आपल्या दाराआड करावी, अन्यथा चर्चच्या शिस्तीस बाध येतो, अशी त्या काळच्या स्कॉटिश धुरीणांना भीती होती. मराठवाड्यातल्या वस्तीत, जेथे दोन घरांत एक भिंत आणि चार घरांत एक अंगण असते, तेथे हे शक्यच नव्हते. एका घरात गीत सुरू झाले की शेजारचे पोर उंबऱ्यावर येऊन बसे, त्याच्यामागे त्याची आजी येई. ज्या घरी वाचणारे कोणी नाही ते घर वाचणाऱ्याच्या घरी येई. घरगुती उपासना अशा रीतीने गल्लीची उपासना झाली, आणि पाळकसाहेब महिन्या-दोन महिन्यांनी येत तेव्हा त्यांना तयार मंडळी सापडे. एडिंबरोच्या विद्वानांना जे गैरशिस्त वाटले असते, त्यानेच येथे चर्च उभे केले.

या सतरंजीने भाषेसाठीही मोठे कार्य केले आहे, ज्याची नोंद मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासात व्हावयास हवी. संस्थानच्या कारभारातून फारसी गेली ती १८८० नंतरच्या काळात, आणि तिच्या जागी उर्दू आली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. तहसीलीतला अर्ज, अदालतीतला दावा आणि वरच्या इयत्तांचे शिक्षण, या साऱ्यांत मराठीला जागा नव्हती; मराठी शाळा थोड्या, आणि त्या थोड्या शाळांत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना, विशेषतः मुलींना, प्रवेश त्याहून थोडा. अशा स्थितीत शेतमजुराच्या झोपडीत बाळबोध लिपीतील एक जाडजूड मराठी ग्रंथ असावा, तो रोज उघडला जावा, बापाने बोट ठेवून ओळ दाखवावी आणि मुलाने ती अक्षर लावून वाचावी, ही त्या मुलखात असामान्य घटना होती. सरहद्दीवरच्या देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या तालुक्यांत तर एकाच घरात आजी तेलुगू कीर्तन म्हणे आणि नातू मराठी शास्त्र वाची. दोन्ही भाषा त्या घराच्या अंगवळणी पडत.

परंतु मिशनऱ्यांनी दिलेली गीते आरंभी इंग्रजी चालींवर बेतलेली होती, आणि त्या चाली आमच्या गळ्याला कधी मानवल्या नाहीत. येथे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे ऋण मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग, भजन आणि कीर्तन यांच्या द्वारा ख्रिस्तभक्ती मराठी मातीत आणली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी आलो, असे ते सांगत. पेटी, टाळ आणि ढोलकी यांवर जी गीते सहज बसतात ती त्यांची व त्यांच्या वळणावर लिहिणाऱ्यांची. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाच्या द्वारा ती लातूर-नांदेडच्या घरांतही पोहोचली आणि ज्या आजीला अक्षरओळख नव्हती तिलाही ती मुखोद्गत झाली. टिळकांचे घर स्वतः या विषयाचा एक मोठा धडा आहे. नवरा ख्रिस्ती झाला तरी लक्ष्मीबाईंनी आपला धर्म काही वर्षे सोडला नाही; दोघांचा दीर्घ वियोग झाला, पुढे एका गावात राहूनही सोवळेओवळे आणि स्वयंपाक वेगळे राहिले, आणि जेव्हा त्यांचे मन पालटले तेव्हा ते स्वतःच्या विचाराने पालटले. हे सर्व ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात ज्या निर्मळ शैलीत आले आहे तिला मराठीत तोड नाही. आणि ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य तर टिळकांनी आरंभिले, त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी त्याचा फार मोठा भाग रचला, आणि पुत्र देवदत्त यांनी ते पुरे केले. बाप, आई आणि मुलगा अशा तिघांच्या हातून एका कुटुंबाची श्रद्धा एका ग्रंथात उतरल्याचे दुसरे उदाहरण आपल्या वाङ्मयात मला आढळलेले नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण निराळे, पण तितकेच उद्बोधक. आईकडून संस्कृत शिकलेली ही विदुषी विधवा झाल्यावर लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेली आणि १८८३ साली वाँटिज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. परंतु मुलीला धर्मातील काय, केव्हा आणि कोणी शिकवावे यावरून तेथील मठवासी भगिनींशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात आपल्या मुलीच्या आत्म्याची जबाबदारी आपण कोणत्याही संस्थेच्या स्वाधीन करणार नाही, हा एका आईचा निर्धार पानोपानी दिसतो. तीच मनोरमा पुढे १९१२ च्या सुमारास निजामी मुलखातील गुलबर्ग्यास शिक्षणकार्य उभारण्यासाठी आली. आणि रमाबाईंनी बायबलचे जे मराठी भाषांतर केले, जे त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनातून प्रसिद्ध झाले, ते विद्वानांसाठी केलेले नव्हते. अल्पशिक्षित स्त्रीला ते चुलीपाशी बसून समजावे, हा त्यामागचा हेतू होता.

या दृष्टीने पाहता मिशनांच्या बोर्डिंगांविषयी माझे मत मिश्र आहे, आणि ते स्पष्टपणे मांडले पाहिजे. दुष्काळांत, विशेषतः १८९९-१९०० च्या दुष्काळात, बोर्डिंगांनी आणि अनाथाश्रमांनी असंख्य मुलांचे प्राण वाचविले, याबद्दल कृतज्ञता असलीच पाहिजे. परंतु पुढे सुस्थितीतही मुलाला घरातून काढून मिशनच्या आवारात ठेवावे, म्हणजे त्याच्यावर ‘योग्य’ संस्कार होतील, ही जी समजूत दृढ झाली तिच्या पोटी निरक्षर आईबापांविषयीचा अविश्वास होता. अशा आईबापांच्या हातूनही श्रद्धा मुलांत उतरू शकते, हे तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके यांचा गौरव करणाऱ्या पौलाच्या वाचकांना तरी उमजावयास हवे होते. तरीही ईश्वरी योजना अशी की त्याच बोर्डिंगांतून बाहेर पडलेल्या मुली शिक्षिका, परिचारिका आणि बायबलबाई झाल्या, लग्न होऊन खेड्यापाड्यांत गेल्या, आणि घराची उपासना चालविण्याचे काम त्यांनी आपल्याकडे घेतले. बाप कामावर, कधी रेल्वेच्या नोकरीवर, कधी ऊसतोडीसाठी सहा महिने परमुलखात. मागे राहिलेल्या घरात सतरंजी अंथरणारी तीच. कित्येक घरांत कोयत्याबरोबर आईही गेली, तेव्हा हे काम आजीने केले. आईचे वळण वरचढ झाले ते या कारणांनी.

स्वातंत्र्यानंतर या घरांपुढे एक नवा आणि कठीण प्रसंग आला. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती मात्र आजतागायत बाहेर आहेत. शाळेच्या दाखल्यावर मुलाचा धर्म काय लिहावा, या एका रकान्यापुढे कितीतरी आईबाप थबकले. कोणी ख्रिस्ती लिहिले आणि मुलाची शिष्यवृत्ती गेली. कोणी जुनी जात लिहिली आणि संध्याकाळची प्रार्थना मात्र सोडली नाही. या दुसऱ्या प्रकारच्या कुटुंबांना दांभिक म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सरकारी दप्तराने ज्यांना अशा पेचात टाकले, त्यांच्या श्रद्धेचा निवाडा दप्तरावरून करणे अन्यायाचे होईल. शिवाय १९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतर एकाच भावकीत कोणी बौद्ध, कोणी ख्रिस्ती, कोणी हिंदू असे झाले. लग्नाच्या मांडवात तिघे एका पंगतीला बसतात, नाताळच्या करंज्या आणि शंकरपाळे तिन्ही घरांत जातात, आणि ख्रिस्ती मूल आपल्या श्रद्धेबरोबरच चुलत्याच्या श्रद्धेचा मान ठेवण्यासही त्याच अंगणात शिकते.

या चालीत दोष नव्हते असे नाही. वचने अर्थ न सांगता पाठ करून घेतली जात, एखाद्या कडक बापाच्या घरी प्रार्थना चुकली म्हणून मुलाला मार बसे, आणि लांबलेल्या प्रार्थनेत पोरे पेंगत. ज्या घरांत मुलांना प्रश्न विचारू दिले, त्यांच्या आवडीचे गीत निवडू दिले, ‘बालबोधमेवा’सारखे मासिक हाती दिले आणि आजारी शेजाऱ्याचे नाव प्रार्थनेत घ्यावयास शिकवून दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी डबा नेऊन देण्यासही पाठविले, त्या घरांतील मुले मोठेपणीही मंडळीत टिकलेली दिसतात.

आज पुणे, हैदराबाद आणि मुंबईकडे गेलेल्या पिढीला सायंकाळी एकत्र बसणे अवघड झाले आहे. खेड्यातील घर उघडे असते ते बहुधा आजीपुरते. त्या घरांत जुन्या शास्त्राच्या कोऱ्या पानावर कोणाचा जन्म केव्हा, बाप्तिस्मा कोणाच्या हातून, लग्न कोठे, मृत्यू कधी, अशा नोंदी शाईने केलेल्या असतात. हाताने उतरलेल्या गीतांच्या वह्या असतात. काही वह्यांत एका पानावर मराठी आणि समोरच्या पानावर तेलुगू असते. कौले फुटली, वाळवी लागली, की हे सारे जाईल, आणि या समाजाचा दुसरा लेखी इतिहास फारसा नाही. म्हणून लातूर, उदगीर, नांदेड, देगलूर, किनवट या भागांतील वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की येत्या नाताळला गावी जाल तेव्हा त्या पानांची आणि वह्यांची छायाचित्रे घ्या, आजीला कोणते गीत कोणाकडून शिकलीस ते विचारून लिहून ठेवा, आणि त्याची एक प्रत आपल्या मंडळीच्या दप्तरात जमा करा.